पावणेदोन सेंटिमीटरची बाई

मी हसले.

आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा कोणता, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. मी हसले. बाकी चुका पोत्यानं केल्या. जिन्याला एक पायरी कमी काढली, गच्चीचा उतार उलटा दिला, एका बंगल्याच्या न्हाणीघराचं दार थेट दिवाणखान्यात उघडलं. त्या सगळ्या दुरुस्त झाल्या. हे हसणं काही दुरुस्त झालं नाही.

झालं असं. प्रभात रोडच्या एका गल्लीत सरांचं ऑफिस होतं. सर म्हणजे पुण्यातले नावाजलेले आर्किटेक्ट. मी त्यांच्याकडे शिकाऊ. कॉलेजच्या चौथ्या वर्षाची. संगणकवाल्या कंपन्या तेव्हा नुकत्या पुण्याकडे यायला लागल्या होत्या. गावाबाहेर ज्वारीच्या रानांत काचेच्या इमारती उभ्या राहणार होत्या. तसल्याच एका कंपनीच्या आवाराचं मॉडेल आम्ही केलं होतं आणि कंपनीचे साहेब ते बघायला आले होते. टेबलाएवढं मॉडेल. सगळं शंभरपट लहान. सनबोर्डच्या भिंती, निळ्या ॲक्रिलिकचं तळं, स्पंज हिरवा रंगवून केलेली झाडं. कोट घातलेली माणसं, पर्स घेतलेल्या बायका, सगळी पुठ्ठ्याची.

सर इंग्रजीत समजावून सांगत होते. एक साहेब मध्येच वाकले. मागच्या गेटापाशी बोट नेलं.

"हू इज धिस लेडी?"

गेटापाशी एक बाई उभी होती. पावणेदोन सेंटिमीटर उंच. लाल साडी. डोक्यावर घमेलं.

सरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. टेबलावर बारीक तुकडे चिकटवायचा चिमटा पडला होता, तो उचलला. बाईला कमरेत धरलं. उपटलं. साहेबांपुढच्या ॲश-ट्रेमध्ये टाकलं.

"काही नाही," सर म्हणाले. "राडारोडा उचलायचा राहिलाय."

मग तेच इंग्रजीत सांगितलं. साहेब हसले. ऑफिस हसलं. मीही हसले. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. सगळ्यांचं हसून संपलं तरी माझं थोडं उरलं होतं.

ती बाई मी केली होती. ती माझी आई होती.

परवा नातीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तू इतकी फट्टू होतीस?"

होते ना. येरवड्यापासून स्वारगेटपर्यंत माझ्याएवढी भित्री पोरगी सापडली नसती. आता कॉलेजच्या अंकासाठी माझी 'जडणघडण' लिहून मागितली आहे. नावाजलेल्या बाईचं बालपण. त्यांना वाटत असेल, लहानपणी भिंतींवर चित्रं काढली असतील, आजोबांनी पेन्सिल हातात दिली असेल. आमच्याकडे पेन्सिल शाळा द्यायची आणि ती आठवडाभर पुरवायची असे.

माझं पहिलं ड्रॉइंग म्हणजे चुन्याची फक्की. वडील मी लहान असतानाच गेले. आई बांधकामावर घमेलं वाहायची. मला बरोबर न्यायची, ठेवणार कुठं? मी रांगले ती वाळूच्या ढिगावर. पाया खणायच्या आधी मिस्त्री जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारत. त्या रेघांमध्ये मी घर-घर खेळायचे. हा ओटा, हे झोपायचं, हा आरसा. भिंतीतून चालत जायचं नाही, हा नियम मी माझा मीच केला होता. दारातूनच जायचं. आई हाक मारायची तरी मी वळसा घालून दारातून यायचे. मुकादम म्हणायचा, "हिची घ्या रे परीक्षा." तीच माझी प्रवेशपरीक्षा.

मग भिंती चढायच्या, स्लॅब पडायचा, फरशी बसायची. एक दिवस गेटावर नवा वॉचमन यायचा. ज्या खोलीत बसून आईनं चार महिने भाकरी खाल्ली, त्या खोलीच्या बाहेरूनच आम्हाला हाकलायचे. मला राग यायचा नाही. भीती वाटायची. की आपलंच काही चुकलं.

आणखी एक गोष्ट. साइटवर बायकांना जायला जागा नसायची. पुरुष कुठंही भिंतीकडे तोंड करत. आई पहाटे जाऊन यायची, ती एकदम दिवेलागणीला. मधे पाणी प्यायची नाही. उन्हाळ्यातसुद्धा ओठ ओले करायची फक्त. सगळ्याच बायका तसं करायच्या. त्याबद्दल कुणी काही बोलत नसे.

तर अशी मी, विहारातल्या अभ्यासिकेत बसून शिकलेली, स्कॉलरशिपवर आर्किटेक्चरला गेलेली, ट्रेनिंगसाठी सरांच्या दारात उभी राहिले. सहा महिन्यांचं ट्रेनिंग. शेवटी सर्टिफिकेटवर सरांची सही. ती सही मिळाली नाही तर वर्ष वाया. वर्ष गेलं की स्कॉलरशिप बंद. स्कॉलरशिप बंद की मी आईच्या शेजारी, दुसरं घमेलं घेऊन. माझ्या डोक्यात चोवीस तास एवढं एकच चाललेलं असायचं. सही.

सरांनी माझी फाइल चाळली.

"राहायला कुठे?"

"येरवड्याला, सर."

"आत की बाहेर?"

बाजूचे सगळे हसले. मला कळायला वेळ लागला. तुरुंगाचा विनोद. कळल्यावर मीही हसले. तिथूनच ती खोड लागली.

मग आडनाव पुन्हा एकदा वाचलं. सावकाश. "हं," म्हणाले.

"घरी कोण? काय करतात?"

"आई, सर. आई कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये आहे."

काय ते उत्तर! अजून आठवलं की स्वतःलाच एक टपली मारावीशी वाटते. कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये! जशी काही आई सिमेंटची एजन्सी चालवते.

आम्ही चौघं शिकाऊ होतो. तिघांना ड्रॉइंग बोर्ड मिळाले. त्यांना आळीपाळीनं संगणकाच्या खोलीतही बसवत. ती खोली गार होती, चपला बाहेर काढून आत जायचं. मी चपला काढूनही कधी आत गेले नाही. कुणी अडवलं नाही. मीच गेले नाही. मला दिली अमोनियाची खोली. तेव्हा नकाशाच्या प्रती अमोनियाच्या वाफेवर निघायच्या. मोरीएवढी खोली, खिडकी नाही, आत गेलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाकीचे नाकाला रुमाल लावून दारातूनच कागद द्यायचे.

सर म्हणाले, "तू कर हे. तुला त्रास नाही व्हायचा. वासाची सवय असेल."

मी म्हणाले, "हो सर."

हो सर! कसली सवय? आमच्या घरात आई रोज शेणानं सारवायची, अंगाला कडुलिंबाचा साबण लावायची. पण 'हो सर' माझ्या जिभेवर तयारच असायचं, पानात चुना असतो तसं.

त्या खोलीत शेखमामा माझ्या सोबतीला. कॅम्पातले. ऑफिसातले जुने शिपाई, अमोनियाचं मशीन त्यांचंच. मला म्हणायचे, "बेटी, तोंडानं श्वास घे. आणि इथं रडून घे हवं तेवढं. कुणाला कळत नाही." त्याचा मी भरपूर फायदा घेतला.

भीतीची यादी करायची तर कागद पुरणार नाही. सरांच्या बुटांचा आवाज. फोन वाजला आणि जवळपास मी एकटीच असले तर. इंग्रजी. शाईच्या पेनाचं टोक अडकलं तर. आणि ऑफिसातलं बायकांचं टॉयलेट. ते सरांच्या केबिनला लागून होतं. कडी वाजली की सर मान वर करून बघायचे. म्हणून मी ते पाच महिने वापरलं नाही. सकाळी घरून जाऊन यायचं, ते थेट संध्याकाळी. मधे पाणी प्यायचं नाही.

शिकलेली मुलगी. हातात टी-स्क्वेअर. आणि पाणी प्यायची नाही.

आणि एक काम मात्र सगळे माझ्याकडेच आणायचे. खरवडायचं. ट्रेसिंग कागदावर शाईची रेघ चुकली की ती पुसता येत नाही, ब्लेडनं खरवडावी लागते. अर्धं ब्लेड आडवं धरायचं, श्वास रोखायचा, कागदाला न दुखावता शाई तेवढी उचलायची. मग खोडरबर, मग नखानं घोटायचं. जरा जोर पडला की भोक, आणि भोक पडलं की आठवड्याचं काम पाण्यात. माझ्या हातून एकदाही भोक पडलं नाही. माझी कला वगैरे काही नाही. मी इतकी घाबरलेली असायचे की माझ्या हाताला वजनच नसायचं. दुसऱ्यांच्या चुका अशा खरवडायचे की उजेडाला धरूनही दिसू नयेत.

मॉडेल आलं तेव्हा मला झाडं दिली. सहा आठवडे मी झाडं केली. शेवटच्या दिवशी मागच्या गेटाशी जागा रिकामी दिसली. माझ्या हातात चॉकलेटचा लाल चांदीकागद होता, तारेचा तुकडा होता, ब्लाउजचं तुटलेलं टिचबटण होतं. तारेची बाई केली. कागदाची साडी नेसवली. टिचबटणाचं घमेलं. चिकटवून टाकली. का? काही क्रांती वगैरे करायची नव्हती. आयुष्यात एकदा आई तयार इमारतीच्या गेटाच्या आत उभी राहावी, एवढंच. कोण बघतंय, म्हटलं.

बघितलं.

त्या संध्याकाळी मी अमोनियाच्या खोलीत तोंडानं श्वास घेत बसले होते. शेखमामा ॲश-ट्रे धुवायला घेऊन आले. राखेतून बाई काढली, सदऱ्याला पुसली. घमेलं एका बाजूनं काळं झालं होतं.

"घे बेटी. तुझी आहे ना?"

"माझी नाही, मामा."

 मामांनी बाई माझ्या पेनांच्या डब्यात ठेवली.

"बरं. जिची असेल तिला दे."

महिना गेला. सहीला तीन आठवडे उरले होते. आईला पाठीत कळा यायला लागल्या. तिसऱ्या दिवशी ओढतच दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूतखडा. पाणी पीत नाही का? आई म्हणाली, "पिऊन जायाचं कुटं?" डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली आणि गोळ्या लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात. त्याच कंपनीच्या आवाराचा मंजुरीचा नकाशा माझ्या बोर्डावर आला. पहिल्यांदाच बोर्ड मिळाला होता, कारण एक दुरुस्ती होती आणि सगळ्यांना माहीत होतं, खरवडायचं म्हणजे मीच. सर पेन्सिल घेऊन आले. मागच्या गेटापाशी एक लहान चौकोन होता. दोन संडास, एक मोरी. सफाईच्या बायका, माळी, वॉचमन यांच्यासाठी.

सरांनी चौकोनावर फुली मारली. "हे काढ. इथे कारंजं येतंय. साहेबांना गेटातून कारंजं दिसायला हवंय."

मी ब्लेड मोडून अर्धं केलं. आडवं धरलं. श्वास रोखला. आणि तोंडातून निघून गेलं.

"मग त्या बायका, सर?"

"कुठल्या बायका?"

"सफाईच्या."

"त्या जातील कुठेतरी. त्यांना सवय असते."

सवय. पुन्हा तोच शब्द. मला अमोनिया दिला तेव्हाही सर हेच म्हणाले होते. माझे गुडघे बोर्डाखाली लटपटायला लागले.  हे मी शौर्यानं लिहीत नाहीये. मला त्या क्षणी पळून जायचं होतं. पण पळायचं तर सरांच्या अंगावरूनच जावं लागलं असतं.

"सवय नसते, सर," मी म्हणाले. "भीती असते."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय?"

"मी नाही खरवडणार."

ऑफिसातल्या पेन्सिली थांबल्या. माणसांपेक्षा पेन्सिली थांबल्याचा आवाज मोठा असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

"तुला सर्टिफिकेट हवंय ना?"

"हवंय, सर."

"मग पाच महिने इथे काय शिकलीस?"

"खरवडायला, सर."

आता थांबायला हवं होतं. शहाणी असते तर थांबले असते. पण आयुष्यभर साचलेलं एकदम यायला लागलं की त्याला नळाची तोटी नसते. मी म्हणाले, "आणि मॉडेलमधून तुम्ही चिमट्यानं उचललीत ना, ती माझी आई होती. मी केली होती."

 सरांच्या ओठाची एक बाजू हलली. ती हलली की विनोद येणार, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

"असं? मग मातोश्रींना सांग, पुढच्या वेळी गेटपास काढून या."

ऑफिस हसलं. जरा अडखळत, पण हसलं.

मी हसले नाही.

माझं सगळं बंड म्हणजे एवढंच. घोषणा नाही, कागद फाडला नाही. तोंडाचे स्नायू सवयीनं वर चालले होते, मी ते खाली धरून ठेवले. अर्धं ब्लेड बोर्डावर ठेवलं. पेनांचा डबा पिशवीत टाकला. आणि जाता जाता, नात फट्टू म्हणो, पण मी जरा आगाऊच, सरांच्या केबिनशेजारच्या त्या टॉयलेटमध्ये गेले. कडी वाजवून. पाच महिन्यांत पहिल्यांदा. बाहेर येऊन कूलरचे दोन ग्लास पाणी प्यायले. उभ्यानं. सगळ्यांसमोर. अर्धं पाणी ओढणीवर सांडलं.

सही मिळाली नाही. वर्ष गेलं. स्कॉलरशिप बंद झाली. सहा महिने मी खरोखरच साइटवर गेले, आईच्या शेजारी. तो चौकोन दुसऱ्या कुणी तरी खरवडला, भोक न पाडता. कारंजं झालं. मी नंतर बघून आले. छान उडतं.

पुढं बिबवेवाडीत पिठाच्या गिरणीच्या वर एका साध्या माणसाचं ऑफिस होतं, मार्केट यार्डातल्या गोदामांचे नकाशे काढून द्यायचे, तिथं ट्रेनिंग पुरं केलं. त्यांनी सही दिली आणि पिठाचे हात झटकले. बाकीचं अंकात छापायला तुमच्याकडे असेलच.

मी अजून भित्रीच आहे. बिल्डरनं आवाज चढवला की गुडघे तेच करतात. पण आता गुडघ्यांना विचारत नाही. माझ्या ऑफिसात कोरा कागद ताणला की पहिली रेघ, ती इमारत जे झाडणार त्यांच्या संडासाची. बाकीचं त्याच्या भोवती बसवायचं. आणि साइटवर कामाच्या बायकांचा संडास उभा राहिल्याशिवाय पायाची आखणी नाही. फक्कीची पोती माझ्या गाडीत असतात, कुलपात. किल्ली माझ्याकडे. किती जण भांडले, किती जण काम काढून घेऊन गेले. जाऊ देत. भित्र्या बाईशी भांडणं सोपं असतं, पण किल्ली ती देत नाही.

ऑफिस सोडलं त्या दुपारी मी घरी आले तेव्हा आई गोधडीवर आडवी होती. अशा वेळेला मी घरी कशी, म्हणून उठून बसली. मी सगळं सांगितलं. सही गेली, तेही. मग मॉडेलचं सांगितलं. डब्यातून बाई काढून तिच्या तळहातावर ठेवली. आईचा तळहात म्हणजे सिमेंटनं चिरलेला, त्या चिरांत ती बाई आडवी झाली.

"ही म्या?"

"हो."

"लाल लुगडं मला कवा हुतं?"

"चॉकलेटचा कागद होता गं."

"आन हितं काळं काय?"

मी सांगितलं. ॲश-ट्रे. चिमटा. राडारोडा. आणि मग जे मामांनाही सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. की सगळे हसले तेव्हा मीपण हसले.

 आई नखानं घमेल्यावरचं काळं घासत बसली. ते निघालं नाही. तांब्या ओढला, घटाघटा पाणी प्यायली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं. पदरानं तोंड पुसलं. मग बाई माझ्या हातात परत दिली आणि म्हणाली:

"उद्या दुसरं हापिस बघ. पयल्याच दिशी सांग, माजी आई घमेलं वाहती. ठिवत्याल ते ठिवत्याल. आन पुन्यांदा मला केलीस, तर चिमट्यात मावंल येवढी करू नगंस."